'डायनॅमो' म्हणजे काय रे भाऊ?

मित्रहो, एक साधा प्रयोग करून बघा. आज रात्री मेसमध्ये समोर बसलेल्या कुणालाही विचारा, "डायनॅमो म्हणजे काय?" इलेक्ट्रिकलवाला असेल तर तोंडातला घास न गिळताच एका दमात म्हणून दाखवेल, "यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारे यंत्र." मेकॅनिकलवाला म्हणेल, "ते सायकलला असायचं ते." कॉम्प्युटरवाला म्हणेल, "गूगल कर ना यार!" आणि एखादा फुटबॉलवेडा निघाला तर डायनॅमो कीव्हबद्दल बोलायला लागेल. आता दुसरा प्रश्न विचारा. "बरं, पण त्याला डायनॅमोच का म्हणायचं?" बघा टेबलावर कशी शांतता पसरते! ऐकू येतो तो फक्त आमटीच्या वाट्यांचा आवाज.

माझं म्हणणं असं की हा दुसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि चार वर्षांत तो कुणीच विचारत नाही. ना आपण, ना सर. "तो भाषेचा विषय आहे, आपण इंजिनिअर!" असं म्हणून आपण पुढे जातो. व्याख्या पाठ, आकृती पाठ, ओरलची वीस ठरलेली उत्तरं पाठ. मशीनच्या नावाकडे मात्र बारशाला न गेलेल्या पाहुण्यासारखं बघतो. पण नाव काही उगाच पडत नाही. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी वेगळं दिसलं म्हणून ते ठेवलेलं असतं. ते 'वेगळं' काय होतं हे कळलं की निम्मं मशीन कळतं. डायनॅमो आणि जनित्र या दोन शब्दांवरून हे दाखवायचा प्रयत्न करतो. पटलं तर घ्या.

आधी डायनॅमो

मूळ शब्द ग्रीक, 'ड्युनामिस'. अर्थ शक्ती, सामर्थ्य, काहीतरी करू शकण्याची क्षमता. याच घराण्यातले बरेच जण आपल्या ओळखीचे आहेत. फर्स्ट इयरला रडवणारं डायनॅमिक्स, सीजीएस पद्धतीतलं बलाचं एकक डाइन, लॅबमधला डायनॅमोमीटर, राजघराण्याला म्हणतात ती डायनॅस्टी आणि प्लेसमेंटच्या बायोडेटात प्रत्येकाची असते ती 'डायनॅमिक पर्सनॅलिटी'! आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये आपल्या स्फोटकाचं पेटंट घेतलं आणि त्याला डायनामाइट हे नाव दिलं, तेही इथूनच. आणि गंमत म्हणजे डायनॅमोही त्याच वर्षी जगासमोर आला.

पण वीज तयार करणारी यंत्रं त्याच्या आधीपासून होती. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं आणि त्याच वर्षी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून प्रवाह मिळवला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हिप्पोलित पिक्सी याने दांडा फिरवून चालवायचं यंत्र बनवलं. मग १८३२ चं यंत्र डायनॅमो का नाही? कारण त्यात कायमचा चुंबक होता. अशा यंत्रांना म्हणत मॅग्नेटो-इलेक्ट्रिक, म्हणजे चुंबकापासून वीज. इंग्लंडमधल्या दीपगृहांत अशी यंत्रं बसवलीही गेली. पण पोलादाचे ते चुंबक वजनाला भारी आणि जोराला कमी. जास्त वीज पाहिजे तर जास्त चुंबक लावा, म्हणजे यंत्र खोलीएवढं. प्रगती तिथेच अडली होती.

ही अडचण सुटली ती एका साध्या वाटणाऱ्या कल्पनेने. बाहेरून चुंबक आणायचाच कशाला? लोखंडी गाभ्यात एकदा चुंबकत्व येऊन गेलं की थोडंसं मागे राहतंच. त्या थोड्याशा चुंबकत्वात आर्मेचर फिरवलं की थोडी वीज निर्माण होते. ती वीज त्याच लोखंडाभोवतीच्या फील्डच्या वेटोळ्यांतून सोडली की चुंबकत्व वाढतं, ते वाढलं की वीज वाढते, ती वाढली की चुंबकत्व आणखी वाढतं... लोखंड संपृक्त होईपर्यंत हे चक्र चालतं. म्हणजे यंत्र स्वतःचा चुंबक स्वतःच तयार करतं. त्याला लागतं काय? फक्त फिरवणाऱ्याचं बळ.

वर्नर सीमेन्स यांचा यावरचा निबंध १७ जानेवारी १८६७ रोजी बर्लिनच्या विज्ञान अकादमीत वाचला गेला. त्याच्या शीर्षकातच सगळं आलं होतं. कायमचे चुंबक न वापरता कार्यशक्तीचे विद्युतप्रवाहात रूपांतर, असा त्याचा आशय. आता नावाचा अर्थ लागला ना? पूर्वीचं यंत्र मॅग्नेटो-इलेक्ट्रिक, चुंबकापासून वीज देणारं. हे नवीन यंत्र डायनॅमो-इलेक्ट्रिक, बळापासून वीज देणारं. पुढे लोकांनी 'मोबाइल फोन'चं जसं नुसतं 'मोबाइल' केलं, तसं 'डायनॅमो-इलेक्ट्रिक मशीन'चं नुसतं 'डायनॅमो' झालं.

श्रेय एकट्या सीमेन्सचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. हंगेरीतले पाद्री-प्राध्यापक आन्योश येडलिक यांनी १८६१ च्या सुमारास हेच तत्त्व वापरलं होतं, पण पेटंट घेतलं नाही. इंग्लंडमध्ये व्हार्ली यांनी डिसेंबर १८६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. व्हीटस्टन यांनी १४ फेब्रुवारी १८६७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तेच मांडलं. कल्पना पिकलेली होती, अनेकांच्या हाती एकदमच लागली. लोकांच्या तोंडात बसलं ते मात्र सीमेन्सचं नाव, कारण ते नेमकं होतं.

मग सायकलचा डायनॅमो?

इथे खरी मजा आहे. आपल्या आधीच्या पिढीने ज्याच्या उजेडात रात्री घर गाठलं, तो टायरला टेकवायचा बाटलीसारखा डायनॅमो उघडून बघा. आत फिरतो कोण? कायमचा चुंबक! वेटोळं जागेवर बसलेलं. आणि बाहेर येते ती एसी. म्हणजे सीमेन्सच्या हिशेबाने तो डायनॅमो नाहीच, तो मॅग्नेटो. आणि आपल्या पुस्तकाच्या हिशेबानेही नाही, कारण पुस्तकातला डायनॅमो म्हणजे कम्युटेटर असलेला डीसी जनरेटर. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं!

असं का झालं? कारण शब्दही माणसांसारखे गाव बदलतात. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा तिथल्या अवाढव्य डायनॅमोंना त्या काळच्या प्रसिद्ध हत्तीवरून 'जम्बो' म्हणत. त्या दिवसांत डायनॅमो हा शब्द म्हणजे विजेचं युगच. पुढे एसीचं राज्य आलं. आपल्याकडे खोपोलीला १९१५ मध्ये आणि कोयनेला १९६२ मध्ये यंत्रं फिरू लागली ती अल्टरनेटर होती. मोठ्या वीजकेंद्रातून डायनॅमो मागे हटला आणि अल्टरनेटरच्या शाफ्टवर एक्सायटर म्हणून बसला. गाड्यांतही पूर्वी डायनॅमो असे, मग अल्टरनेटर आला. तरी हायवेच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पाटीवर 'सेल्फ, डायनामो, वायरिंग' असंच लिहिलेलं दिसतं. मिस्त्रीला त्याने काही फरक पडत नाही, आणि आपणही त्याला हसू नये. शब्द वापरणाऱ्यांचे असतात.

पण सायकलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्या ग्रीक शब्दाला अगदी धरून आहे. डायनॅमो टायरला टेकवला की पेडल जड होतं. टायरचं घर्षण तर असतंच, पण दिवा लागलेला असताना वेटोळ्यातून जाणारा प्रवाह चुंबकाच्या फिरण्याला विरोध करतो. हाच लेन्झचा नियम. पायातलं बळ जातं आणि समोर उजेड पडतो. 'बळापासून वीज' हे ज्याच्या पोटऱ्यांना कळलंय त्याला व्याख्या पाठ करायची गरज नाही.

आणि आपल्या हॉस्टेलच्या जनरेटरची गोष्ट तर विचारूच नका. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लाइट गेली, वायरमन काकांनी सेट चालू केला. इंजिन धडधडतंय, धूर निघतोय, पण व्होल्टेज शून्य. आम्ही चौघे थर्ड इयरचे इलेक्ट्रिकलवाले तिथे उभे, तोंडाला कुलूप. काकांनी फील्डच्या वायरी सोडवल्या, प्लस-मायनस बघून बॅटरीचा क्षणभर टिचका दिला, वायरी परत जोडल्या. इंजिन पुन्हा सुरू केलं आणि हॉस्टेल उजळलं! (हे कुणी स्वतः करून बघू नये, काकांचं काम काकांनाच करू द्यावं.) मी विचारलं, "काका, काय केलंत?" तर म्हणाले, "अरे, लई दिवस बंद होतं ना, चुंबक विसरलं होतं. जरा आठवण करून दिली."

अवशिष्ट चुंबकत्व, क्रिटिकल फील्ड रेझिस्टन्स, व्होल्टेज बिल्ड-अप... मशीन लॅबच्या जर्नलमध्ये आम्ही हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. शंट जनरेटर बिल्ड-अप का होत नाही याची चार कारणंही पाठ होती. पण ज्या यंत्राचं नावच 'स्वतःच्या बळावर चुंबक तयार करणारं' या कल्पनेतून पडलंय, त्याचा जीव त्या उरलेल्या चुंबकत्वात असतो, हे आम्हाला त्या दिवशी उमगलं. शब्द आधी उघडला असता तर लॅबमध्येच उमगलं असतं.

आता जनित्र

हा शब्द उच्चारला की आपल्याकडे वर्गात खसखस पिकते. "काय रे, जनित्र? शुद्ध मराठी का?" मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना तो माहीत असतो, पण फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यातच तो विसरायला शिकवलं जातं. म्हणून या शब्दाचीही जरा चौकशी करू.

'जन्' हा धातू, अर्थ जन्म देणे, उत्पन्न करणे. जन्म, जनक, जननी हे सगळे त्याचेच. त्याला 'इत्र' जोडलं. हा प्रत्यय कामाचं साधन दाखवतो. पाणिनीने अष्टाध्यायीत काही धातूंना 'इत्र' लावण्यासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे. खणायचं साधन ते खनित्र, कापायचं साधन ते लवित्र म्हणजे विळा, नाव चालवायचं साधन ते अरित्र म्हणजे वल्हं. चरित्रही त्याच सूत्रातलं. जनित्र हा शब्द ऋग्वेदातही येतो, उगमस्थान या अर्थाने. आधुनिक मराठीने तो यंत्रासाठी घेतला आणि त्याच साच्यात चलित्र म्हणजे मोटर, धारित्र म्हणजे कपॅसिटर आणि रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवले. रोहित्राला काही जण हसतात. "रुह् म्हणजे चढणे, मग गावातलं रोहित्र तर व्होल्टेज उतरवतं!" पण गाण्याच्या क्लासला गेलेल्याला विचारा. आरोह आणि अवरोह, दोन्ही रुह् धातूचेच. चढणं त्यातच आणि उतरणंही त्यातच.

आता जनरेटर घ्या. हा लॅटिन शब्द, अर्थ जन्म देणारा. त्याच्या मुळाशी आहे 'गेन्'. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या शेपटीला जे 'जन' आहे तेही याच मुळाचं, ग्रीकमधून आलेलं. हायड्रोजन म्हणजे पाण्याला जन्म देणारा. आणि हे 'गेन्' व आपलं 'जन्' एकाच मूळ धातूची दोन रूपं आहेत. लॅटिनने संस्कृतमधून घेतलं असं नाही आणि उलटंही नाही. १७८६ मध्ये कोलकात्याला विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच जुन्या भाषेच्या लेकी असाव्यात असं मांडलं आणि पुढे भाषाशास्त्राने ते नीट सिद्ध केलं. तेव्हा "सगळं आपल्याकडूनच गेलं" अशी कॉलर टाइट करायचं कारण नाही. पण मान खाली घालायचंही कारण नाही. जनरेटर आणि जनित्र या एकाच कुळातल्या दोन बहिणी. एकीला इंटरव्ह्यूला नेतो आणि दुसरीला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही, हे काही बरं नाही.

अर्थात दोघींच्या नावात एक खोटही आहे, तीही सांगतो. ऊर्जा जन्मत नाही आणि मरत नाही, फक्त रूप बदलते. मग वीज 'जन्माला घालणारं' यंत्र कसलं? या बाबतीत डायनॅमो जास्त प्रामाणिक. तो सांगतो की माझ्यात बळ घाला, मी वीज देतो. शब्द उघडण्याचा हाही फायदा. शब्द कुठे खरं बोलतो आणि कुठे थाप मारतो, दोन्ही कळतं. सरांना वर्गात विचारण्यासारखा प्रश्न यातूनच मिळतो.

एवढं सगळं कशासाठी?

कारण यात एका पोराचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. आमच्या मजल्यावर एक ज्युनियर होता. नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमातून आलेला, डोक्याने तल्लख. वर्गात विचारलं गेलं तेव्हा त्याने उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, पण 'जनित्र' म्हणाला. वर्ग हसला. त्याने त्यानंतर संपूर्ण सेमिस्टर हात वर केला नाही. ओरलला बाहेरचे परीक्षक आले तेव्हा येत असूनही गप्प बसला. रात्री रूमवर मात्र तोच पोरगा मला लेन्झचा नियम बैलगाडीचा उतार आणि ब्रेक यांच्या उदाहरणाने समजावून सांगत होता! त्याला विषय येत होता. त्याचा शब्द आपण हिसकावून घेतला, आणि शब्दाबरोबर आवाजही गेला.

असे प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतात. कदाचित हे वाचणाऱ्यांपैकीही कुणी असेल.

काही मित्र म्हणतील, "गेट इंग्रजीत, इंटरव्ह्यू इंग्रजीत, डेटाशीट इंग्रजीत. मराठी शब्द घेऊन काय लोणचं घालायचं?" मान्य आहे. इंग्रजी आलीच पाहिजे, आणि चांगली आली पाहिजे. मी कुठे म्हणतोय की जनरेटरला हद्दपार करा? डायनॅमो, जनरेटर, अल्टरनेटर हे शब्द आता आपलेच आहेत. मराठीने रेल्वे आणि टेबल पचवलं, हेही पचवलंय. माझा मुद्दा असा की जो शब्द पोराकडे आधीपासून आहे तो पायरी म्हणून वापरा. जनित्रावरून जनरेटरवर जाता येतं, दोन्हींचं मूळ एकच आहे. पायरी काढून घेतली तर मात्र उडी मारावी लागते, आणि उडी सगळ्यांनाच जमत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणतील, "शिक्षण मराठीतच पाहिजे." अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. चांगलं झालं. पण एका व्याख्येऐवजी दुसऱ्या भाषेतली व्याख्या पाठ केली तर काय फरक पडला? 'जनित्र म्हणजे यांत्रिक ऊर्जेचे...' असं डोळे मिटून घोकणारा आणि तेच इंग्रजीत घोकणारा, दोघे एकाच बेंचवरचे.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली आपल्यासाठी. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, की या यंत्राचं नाव काय आणि ते का पडलं. टर्बाइन म्हणजे लॅटिनमध्ये गरगर फिरणारी वस्तू, भोवराही. अल्टरनेटरमध्ये 'अल्टर' म्हणजे दुसरा, आलटून पालटून येणारा. कम्युटेटर म्हणजे अदलाबदल करणारा. एवढ्या दोन ओळी कुणाच्या फाइलवरून छापता येणार नाहीत, हा आणखी एक फायदा! (छापणारे तरीही छापतील, त्यांना माझा नमस्कार.)

दुसरी आपल्या सर आणि मॅडमना नम्र विनंती. नवीन यंत्र शिकवताना फळ्यावर इंग्रजी नावाशेजारी मराठी नावही लिहा आणि दोन मिनिटं त्या नावाला द्या. ओरलला एखादा अडखळला तर "मराठीत सांग" एवढंच म्हणा. बऱ्याच सरांच्या तोंडून आम्ही हे ऐकलंही आहे, आणि त्या एका वाक्याने समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहिलंही आहे. तांत्रिक चूक असेल तर खुशाल मार्क कापा. शब्दासाठी मात्र कापू नका.

तिसरी सूचना वर्गात मागच्या बेंचवर बसून हसणाऱ्या आपल्या दोस्तांना. हसायला आमचीही ना नाही, हॉस्टेलमध्ये दुसरं करतो काय! पण पुढच्या वेळी कुणी 'जनित्र' म्हणाला तर हसायच्या आधी त्याला विचारा, "त्याला जनित्र का म्हणतात रे?" त्याला सांगता आलं तर तुम्हाला काहीतरी नवीन मिळेल. नाही आलं तर दोघांनी मिळून शोधा. लायब्ररीत शब्दकोशांवर धूळ बसलीय, तेवढीच झटकली जाईल.

थोडंसं चुंबकत्व प्रत्येकात उरलेलं असतं. कुणाचं गावाकडच्या बोलीत असतं, कुणाचं दहावीच्या पुस्तकात, कुणाचं वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. ते शून्य करून वर कितीही जोरात फिरवलं तरी व्होल्टेज येत नाही, हे मशीन लॅबमध्ये आपण शिकतोच. शिकवतानाही ते लक्षात ठेवूया.